झुंजार, काळा पहाड आणि न्यायाची भूक

१३ मे १८७९ च्या रात्री पुण्यात बुधवार वाडा पेटला आणि त्याच रात्री विश्रामबाग वाड्यालाही आग लागली. दोन्ही वाडे पेशव्यांचे, दोन्ही आता इंग्रज सरकारच्या ताब्यात. बुधवार वाडा जळून गेला, विश्रामबाग वाड्याचे मोठे नुकसान झाले. एका रात्रीत दोन सरकारी वास्तू पेटाव्यात हा योगायोग मानायला कोणीच तयार नव्हते. दोनतीन दिवसांपूर्वीच, १० आणि ११ मे रोजी, कोकणात पळस्पे आणि चिखली या गावांवर दरोडे पडले होते. दीड लाखाच्या आसपास ऐवज गेला होता. लूट घेऊन घाटमाथ्याकडे परतणाऱ्या टोळीला मेजर डॅनियलने गाठले आणि तिचा म्होरक्या दौलतराव नाईक गोळीला बळी पडला. टोळी वासुदेव बळवंत फडक्यांची होती. त्यांनी जाहीरनामा काढून सरकारलाच आव्हान दिले होते. तेव्हा पुण्यातली आग कोणी लावली, याचे उत्तर सरकारने तपासाआधीच मनाशी ठरवून टाकले.

संशयाची व्याप्ती पाहण्यासारखी आहे. फडक्यांच्या मागे पुण्याचे सुशिक्षित ब्राह्मण आहेत, असे सरकारला वाटत होते. महादेव गोविंद रानड्यांसारख्या न्यायाधीशाची बदली धुळ्याला झाली. तिथे त्यांचे टपाल फोडले जाई. वासुदेव बळवंतांच्या नावाने त्यांना पत्रे येत आणि रानडे ती जशीच्या तशी पोलिसांकडे पाठवून देत. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींत हे लिहून ठेवले आहे. आगीचा तपास मात्र भलत्याच दारात जाऊन थांबला. सरकारी पुस्तक भांडारात नोकरीला असलेल्या, योगायोगाने रानडे याच आडनावाच्या माणसाने पैशांची अफरातफर केली होती. हिशेबाचे कागद नाहीसे व्हावेत म्हणून त्याने आग लावली होती.

दोन गुन्हे, एक चुकीचा संशयित, बदनामीच्या कडेला उभा असलेला एक थोर माणूस आणि खतावणीच्या पानांत दडलेला हेतू. रहस्यकथाकाराला याहून चांगला मसाला कुठे मिळणार? विल्की कॉलिन्सची ‘मूनस्टोन’ येऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती, आणि शेरलॉक होम्सला जन्म घ्यायला अजून आठ वर्षे होती. पण मराठी लोकांच्या आठवणीत त्या कारकुनाचे नाव उरले नाही. हिशेबाच्या कागदांवरून आग लावणाऱ्यापर्यंत कोण कसा पोचला, हे कोणी घोळवून सांगितले नाही. उरले ते वासुदेव बळवंत. मराठी रहस्यकथेचा इतिहास सांगायला मी इथून सुरुवात करतो, कारण पुढच्या शंभर वर्षांत मराठी वाचकाने रहस्यकथेकडून जे मागितले, त्याचे बीज मला या निवडीत दिसते. गुन्हा कोणी केला, या प्रश्नाची आपल्याला गोडी होतीच. त्याहून मोठी ओढ होती ती नाडलेल्या माणसाला न्याय कोण देणार, या प्रश्नाची.

मी हे विचुंब्यात बसून लिहितो आहे. नवीन पनवेलला लागून असलेले हे गाव. भातखाचरांच्या जागी आता इमारती उभ्या राहत आहेत आणि सकाळी निम्मे गाव पनवेल स्टेशनच्या दिशेने निघालेले असते. १८७९ सालचा पळस्प्याचा दरोडा याच तालुक्यातला. पळस्पे फाटा आज कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गणपतीत गाड्यांच्या रांगा लागतात तोच. तिथून गोव्याच्या रस्त्याला लागले की शिरढोण येते. वासुदेव बळवंतांचा जन्म तिथला, ४ नोव्हेंबर १८४५ चा. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. नातू पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकून झाला, दुष्काळात लोक मरताना पाहिले आणि रामोशांना जमवून सावकारांच्या तिजोऱ्या फोडू लागला. गव्हर्नर रिचर्ड टेंपलने त्यांना पकडून देणाऱ्यास बक्षीस लावले, तर फडक्यांनी टेंपलच्याच डोक्यावर बक्षीस जाहीर केले. जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले. पुण्याच्या खटल्यात सार्वजनिक काका त्यांच्या बाजूने उभे राहिले. जन्मठेपेसाठी एडनला पाठवल्यावर तिथल्या तुरुंगाचे दार बिजागऱ्यांसकट उखडून ते निसटले, पुन्हा पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच वारले. बंदिस्त कोठडीतून सुटका, वेषांतर, इनाम, पाठलाग: पुढे मराठी रहस्यकथेने जे जे वापरले, ते ते या एका आयुष्यात होते.

दुसऱ्या बाजूला खराखुरा गुप्तहेरही होता. मुंबईच्या पोलिसांत चार्ल्स फोर्जेट नावाचा अधिकारी होता. तो भारतातच वाढलेला, मराठी आणि हिंदुस्थानी अस्खलित बोलणारा, वेष पालटण्यात पटाईत. १८५७ च्या ऑक्टोबरात सोनापूरकडे गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी शिपायांच्या गुप्त बैठका होतात, असे त्याला कळले. तो वेष पालटून गेला, भिंतीआडून सारे ऐकले आणि आपल्यावर विश्वास न ठेवणाऱ्या मेजर बॅरोलाही सोबत नेऊन ऐकवले. १५ ऑक्टोबरला मुंबईच्या मैदानात सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया यांना तोफेच्या तोंडी दिले गेले. कामगिरी म्हणून पाहिली तर होम्सच्या तोडीची. पण हा माणूस मराठी वाचकाचा नायक कसा होणार? शोध लावणारा जर परक्या राज्याचा डोळा असेल, तर वाचकाचे मन भिंतीआडून ऐकणाऱ्याबरोबर राहत नाही. ते भिंतीपलीकडच्या माणसांबरोबर जाते.

इंग्लंडमध्ये गुप्तहेरकथा बहरली, त्या काळात तिथल्या मध्यमवर्गाचा पोलिसांवर आणि न्यायालयांवर बऱ्यापैकी भरवसा बसत चालला होता. घरातली शिस्त बिघडली, खून झाला, हुशार माणूस आला, खुनी सापडला, शिस्त परत आली. पुढे या खेळाचे नियमही ठरले. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने रहस्यकथेसाठी दहा आज्ञा लिहिल्या. वाचकापासून दुवा लपवायचा नाही, चमत्कार वापरायचा नाही, एकापेक्षा जास्त गुप्त दरवाजे नकोत. हे कोडे सोडवण्याचे साहित्य होते. आपल्याकडे या साहित्याचे पहिले पाऊल पडले ते दुसऱ्याच वाटेने.

ही वाट गोविंद नारायण दातारशास्त्रींची. १८७३ चा जन्म, १९४१ साली निधन. जॉर्ज रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्या त्यांनी मराठी मातीत आणल्या. रेनॉल्ड्सने १८४४ पासून ‘लंडनची रहस्ये’ एकेक पेनीच्या साप्ताहिक अंकांतून सांगितली होती. उमरावांचे पाप आणि गरिबांची वस्ती त्याने एकाच पानावर आणली. इंग्लंडच्या सभ्य समीक्षकांनी त्याला नाक मुरडले, तरी हिंदुस्थानात तो घरोघर पोचला. दातारशास्त्रींनी त्याचे नुसते भाषांतर केले नाही. ‘बंधुद्वेष’, ‘अधःपात’, ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवन गुहा’, ‘चतुर माधवराव’ वाचताना मूळ गोष्ट परदेशी आहे याची शंकाही येऊ नये, इतके ते सारे इथल्या वाड्यांत, भुयारांत, मठांत आणि किल्ल्यांत मुरले. शास्त्रीबुवांची भाषा भारदस्त, वाक्य लांब पल्ल्याचे, आणि प्रकरण संपता संपता वाचकाचा हात पुढच्या पानाकडे जाईल अशी रचना. त्यांच्या वाचकाला खलनायक पहिल्या काही पानांतच कळतो. ओढ असते ती त्याचे पाप उघडे कधी पडेल याची. कितीतरी वर्षांनी शशी भागवतांनी ‘मर्मभेद’ लिहिली तेव्हा हीच वाट पुन्हा उघडली, आणि आजही ती कादंबरी एका बैठकीत संपवणारे तरुण भेटतात.

पण दातारशास्त्री वाचायला फुरसत लागे, आणि थोडेफार शिक्षणही. हातावर पोट असलेल्या माणसापर्यंत रहस्यकथा नेली ती बाबूराव अर्नाळकरांनी.

चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जन्मलेला, १९९६ च्या जुलैत गेलेला हा माणूस हजारावर रहस्यकथा लिहून गेला. हा आकडा वाचताना आपण थांबत नाही, पण थांबायला हवे. हजार कथा म्हणजे तीसचाळीस वर्षे दर दीडदोन आठवड्यांना एक नवी गोष्ट. तिच्यात गुन्हा हवा, संकट हवे, सुटका हवी, आणि मागच्या गोष्टीत जे केले ते या गोष्टीत नको. बाबूरावांचे पुस्तक हातात मावणारे, पातळ, रंगीत मुखपृष्ठाचे असे. दुसरे महायुद्ध, त्या पाठोपाठ स्वातंत्र्य आणि नंतरचे टंचाईचे दशक हा त्यांच्या भराचा काळ. ते पुस्तक विकत घेणारे थोडे, भाड्याने नेणारे पुष्कळ. गिरगाव, दादर, लालबागच्या चाळींतून आणि तालुक्याच्या बाजारपेठांतून सर्क्युलेटिंग लायब्रऱ्या चालत. एकाच प्रतीवर कितीतरी घरांचे हात फिरत आणि मुखपृष्ठ निखळले की खाकी कागद चिकटवून ती पुन्हा फळीवर जाई.

त्यांच्या नायकांकडे पाहा. धनंजय आणि छोटू ही जोडी होम्स-वॉटसनच्या धर्तीची. तिथे तर्क आहे, माग काढणे आहे. पण लोकांच्या तोंडी बसली ती दुसरी नावे: झुंजार आणि काळा पहाड. हे दोघेही कायद्याच्या चौकटीत नीट न बसणारे. झुंजारला घर आहे, विजयासारखी धीट पत्नी आहे, नेताजीसारखा साथीदार आहे, आणि तरी त्याचे काम रात्रीचे. काळा पहाड तर नावापासूनच पोलिसांच्या यादीतला वाटतो. युरोपात अशा सज्जन चोरांची परंपरा होतीच: १८९९ मधला हॉर्नंगचा रॅफल्स, १९०५ मधला फ्रेंच आर्सेन ल्युपिन, १९२८ मधला चार्टरिसचा ‘सेंट’. बाबूराव इंग्रजी स्वस्त कथा भरपूर वाचत आणि त्यांतून हवे ते उचलत. त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण मला दिसत नाही, कारण काय उचलले आणि काय सोडले यातच लेखक कळतो. रॅफल्स क्रिकेट खेळणारा सभ्य गृहस्थ. चोरी करतो ती बरीचशी चोरीच्या झिंगेसाठी. झुंजार चोरी करतो त्यामागे कोणाचे तरी लुबाडलेले घर असते. हा फरक मुंबईने घातला.

ती मुंबई आठवायला हवी. १९४३ मध्ये शहरात रेशनिंग आले. धान्य, साखर, रॉकेल, कापड, सगळ्याला काळा बाजार. कामगाराला शिधापत्रिका हातात घेऊन रांगेत उभे राहावे लागे आणि त्याच गल्लीतल्या कोणाच्या तरी गोदामात पोती रचलेली असत. १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आली आणि हातभट्टीचे जाळे पसरले. गोदाम कोणाचे, भट्टी कोणाची, हप्ता कोणाला, हे चाळीतल्या पोरालाही ठाऊक असे. म्हणजे गुन्हेगार कोण, हे कोडे वाचकाच्या आयुष्यात मुळी नव्हतेच. उत्तर समोर होते, शिक्षा तेवढी होत नव्हती. अशा माणसाला शंभरेक पानांत कोणी दाखवून दिले की रात्री एक काळी आकृती त्या शेटजीच्या माडीवर चढली, तिजोरी उघडली आणि पहाटे एका विधवेच्या दाराशी तिचे दागिने परत आले, तर त्याच्या छातीवरचे ओझे घटकाभर तरी उतरत असणार. याला पळवाट म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे. आपल्यावर अन्याय होतो आहे आणि त्याचा हिशेब कुठेतरी व्हायला हवा, ही जाणीव ज्या साहित्याने लाखो नवसाक्षर माणसांत जागी ठेवली, ते हलके कसे?

समीक्षेने मात्र ते हलकेच ठरवले. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाची माळ बाबूरावांच्या गळ्यात कधी पडली नाही. पाठ्यपुस्तकांत ते नाहीत. मराठी कादंबरीच्या कित्येक इतिहासांत त्यांना एखादे वाक्य मिळते. अक्षरओळख झाल्यावर पहिले सबंध पुस्तक ‘झुंजार’चे वाचले आणि मग खांडेकर, फडके, पेंडसे असा प्रवास केला, असे सांगणारी माणसे मात्र महाराष्ट्रात गावोगाव भेटतात. वाचायची सवय ही आधी लागते आणि रुची मागून येते. ती सवय लावण्याचे काम ज्याने केले, त्याच्या वाट्याला आभाराचा एक शब्दही नीट आला नाही.

याच काळात, याच महाराष्ट्रात, रहस्यकथेची दुसरी शाखा फुलत होती आणि मराठी वाचकाला तिचा पत्ता नव्हता. बंगाली लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२ मध्ये ब्योमकेश बक्शी निर्माण केला. १९३८ मध्ये ते बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईत आले, १९५२ मध्ये सिनेमाचे काम सोडून पुण्यात स्थायिक झाले आणि पुढची जवळजवळ अठरा वर्षे तिथे राहिले. मधली काही वर्षे थांबलेला ब्योमकेश पुन्हा चालू लागला आणि त्याच्या अनेक कथा पुण्यात बसून बंगालीत लिहिल्या गेल्या. शिवाजी महाराजांच्या सैन्यातल्या सदाशिव नावाच्या पोराच्या गोष्टीही शरदिंदूंनी लिहिल्या. ब्योमकेश स्वतःला गुप्तहेर म्हणवत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो. त्याला सत्य हवे असते. ते हाती लागल्यावर कधी कधी तो कायद्याकडे पाठ फिरवून गुन्हेगाराला जाऊ देतो. म्हणजे बंगाली भद्रलोकांच्या या शांत, धोतर नेसणाऱ्या तर्कवाद्याच्या पोटातही न्यायाचा तोच प्रश्न होता. १९७० च्या सप्टेंबरात शरदिंदू गेले तेव्हा ब्योमकेशची तेहतिसावी कथा अर्धीच राहिली. पुण्यात रोज हजारो माणसे रहस्यकथा वाचत होती, आणि देशातला एक श्रेष्ठ रहस्यकथाकार तिथेच राहत होता. दोघांची गाठ त्या वेळी पडली नाही याची मला हळहळ वाटते. पडली असती तर मराठी कथेत तर्काची बाजू कदाचित आधीच बळकट झाली असती.

१९७० नंतर मराठी रहस्यकथेचा नायक बदलला. देशाने १९६२, १९६५ आणि १९७१ ही तीन युद्धे पाहिली होती. सोन्यावरच्या निर्बंधांमुळे किनाऱ्यावर तस्करी फोफावली होती, आणि रायगडचा (तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचा) किनारा त्यातून सुटलेला नव्हता. आता शत्रू गल्लीतल्या गोदामापलीकडे, सरहद्दीपलीकडे गेला. गुरुनाथ नाईकांनी नेमकी ही नस पकडली. मूळचे गोव्याकडचे, पत्रकारितेतून आलेले नाईक बाराशेच्या वर रहस्यकथा लिहून २०२१ च्या नोव्हेंबरात गेले. त्यांचा कॅप्टन दीप लष्करी अधिकारी. झुंजारने रात्री जे लपून केले, ते हा गणवेशाच्या अधिकाराने करतो. गोलंदाज, गरुड, शिलेदार, रातराणी अशा मालिकांच्या नावांनीच वाचक पुस्तक मागत. वेगाने लिहिणे हा त्यांचा धर्मच झाला होता. त्यातल्या सगळ्याच कथा उत्तम होत्या असे म्हणणे खोटे ठरेल; कित्येक ठिकाणी प्रसंग साच्यातून काढलेले आहेत, मारामारीने गोष्टीची जागा घेतली आहे. तरी एस. टी. स्टँडवरच्या स्टॉलवरून पुस्तक उचलून बसमध्ये चढलेला माणूस मुक्काम येईपर्यंत ते खाली ठेवत नसे. मुंबई-पुणे रस्त्यावरच्या पनवेलसारख्या गावातून किती पुस्तके अशी घाटावर चढली आणि खाली उतरली असतील!

सुहास शिरवळकरांचा बाज निराळा. १९४८ चा जन्म, पुण्याचे राहणे, २००३ मध्ये अकाली निधन. अमर विश्वास हा त्यांचा वकील, फिरोज इराणी हा त्यांचा गुप्तहेर, दारा बुलंद आणि मंदार पटवर्धन हे आणखी दोन. शिरवळकरांकडे संवाद होता. त्यांची माणसे कॉलेजच्या कट्ट्यावरून उठून आल्यासारखी बोलतात, एकमेकांची फिरकी घेतात. अमर विश्वासच्या कथांत कोर्ट येते, उलटतपासणी येते, आणि तिथे मराठी वाचकाला प्रथमच मोठ्या प्रमाणावर असे भेटले की न्याय तिजोरी न फोडताही मिळवता येतो. आचार्य अत्र्यांनी १९६२ मध्ये ‘तो मी नव्हेच’ रंगभूमीवर आणले होते. एका खऱ्या लफंग्यावर बेतलेला लखोबा लोखंडे कोर्टात उभा राहून सगळे नाकारतो आणि प्रेक्षक श्वास रोखून बसतात. ती गोडी शिरवळकरांनी कादंबरीत आणली. पुढे ते ‘दुनियादारी’कडे वळले, आणि २०१३ च्या सिनेमाने त्यांचे नाव नव्या पिढीला कळले. त्या पिढीतले बरेच जण मागे जाऊन अमर विश्वास शोधतात, हे मला फार बरे वाटते.

शुद्ध कोडे, दुवे आणि तर्क ही बाजू मराठीत आली ती बरीचशी अनुवादांतून, आणि ती आणणारी माणसे रंगभूमीची होती. भालबा केळकर हे पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनचे आधारस्तंभ. शेरलॉक होम्सच्या कथा त्यांनी मराठीत आणल्या. ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’चे मधुकर तोरडमल यांनी अगाथा ख्रिस्तीच्या अनेक कादंबऱ्या अनुवादल्या. नाटकवाल्यांना हे काम का जमले असेल? कोणत्या क्षणी कोणाला प्रवेश द्यायचा आणि प्रेक्षकाला काय दिसू द्यायचे नाही, हे त्यांच्या हाडात असते. पडद्यावर राजा परांजप्यांनी १९६४ मध्ये ‘पाठलाग’ केला. जयंत देवकुळ्यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरचा हा चित्रपट. त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ झाला आणि देशभर गाजला. मूळ रहस्य मराठी कादंबरीचे होते, हे त्या हिंदी चित्रपटाची गाणी गुणगुणणाऱ्या फारच थोड्यांना ठाऊक असते.

गूढ आणि भय ही तिसरी शाखा. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ मासिकाने तिला घर दिले, नारायण धारपांनी तिला अंधार दिला, आणि रत्नाकर मतकरींनी तिला मध्यमवर्गीय दिवाणखान्यात आणून बसवले. हे तिघेही स्वतंत्र लेखाचे धनी आहेत. इथे एवढेच सांगतो की धारपांच्या कथेतही अघोरी शक्तीने छळलेल्या माणसाच्या पाठीशी त्यांच्या ‘समर्थ’ या नायकासारखा कोणीतरी उभा राहतो. भयकथेतसुद्धा आपल्याला कैवारी लागतो.

आणि मुलांचा फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा बनेश फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आलेला, हडकुळा, सायकलवरचा. मोठ्यांच्या रहस्यकथेत जे हजार पानांत जमले नाही ते भागवतांनी सहज केले: त्यांच्या नायकाला ना मुखवटा लागतो, ना पिस्तूल, ना गणवेश. डोळे उघडे ठेवायचे, प्रश्न विचारायचे, आणि मित्राला अडचणीत टाकून पळायचे नाही. न्यायाची ओढ आणि तर्काची शिस्त, दोन्ही एकाच पोरात. मराठी रहस्यकथेने घडवलेला सर्वांत पूर्ण नायक मला विचाराल तर मी फास्टर फेणेचे नाव घेईन.

उतरण कशी लागली हे झटपट सांगता येते. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले. दहा वर्षांनी रंग आले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतले असंख्य परत कामावर गेलेच नाहीत. पातळ रहस्यकथेचा सर्वांत निष्ठावान वाचक ज्या चाळींत राहत होता, त्या चाळींची चूलच विझली. भाड्याने पुस्तके देणारी दुकाने व्हिडिओ कॅसेट देऊ लागली. दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ आली, बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम ही जोडी पुढे १९९८ मध्ये हिंदीत ‘सीआयडी’ घेऊन देशभर गेली. पोलीस हा नायक म्हणून मराठी घराने अखेर स्वीकारला तो पडद्यावर. फोर्जेटपासून तिथवर यायला सव्वाशे वर्षांहून थोडा अधिक काळ लागला.

रहस्याची भूक संपली, असे कोणी म्हणू नये. पनवेलहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये कानात बोंडे घालून बसलेल्यांत गाणी ऐकणारे असतात तसे कथा ऐकणारेही असतात, आणि ऐकण्याच्या पुस्तकांत खून आणि शोध यांना मोठी मागणी आहे. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या नागोठण्याशी नाते सांगणारे हृषीकेश गुप्ते ‘दंशकाल’सारख्या कादंबरीत गावातले घर, त्यातले दडपलेले गुन्हे आणि भीती अशी मांडतात की तिला करमणूक म्हणून बाजूला ठेवता येत नाही. ज्या समीक्षेने अर्नाळकरांना दाराबाहेर ठेवले, तिला आता या लेखनाची दखल घ्यावी लागली आहे.

राहते ती जुनी पुस्तके. हलक्या कागदावर छापलेली, टाचणीने शिवलेली ही पुस्तके टिकण्यासाठी बनलेलीच नव्हती. वाचून झाली की रद्दीत गेली, पावसात भिजली, वाळवीने खाल्ली. सार्वजनिक ग्रंथालयांनी यांतली बरीच पुस्तके कधी विकत घेतलीच नाहीत आणि घेतली ती जपली नाहीत, कारण ती ‘जपण्याजोगी’ मानली जात नव्हती. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर महाराष्ट्रात गावोगाव वाचनालये उभी राहिली, पनवेललाही के. गो. लिमये वाचनालयासारखी जुनी संस्था आहे. अशा ठिकाणी जिल्ह्यापुरता तरी रहस्यकथांचा एक कप्पा व्हावा, असे मला मनापासून वाटते. सतीश भावसार यांच्यासारख्या माणसाने खटपट करून निवडक अर्नाळकर पुन्हा छापून आणले, पण हजारांतले निवडक म्हणजे किती? कोणत्या कथा छापल्या, कोणत्या वर्षी, कोणत्या मुद्रणालयात, मुखपृष्ठ कोणी रंगवले, याची पुरी यादी तयार व्हायला हवी. ती एकट्या संशोधकाकडून होणार नाही. घरातला माळा साफ करताना, गावाकडची ट्रंक उघडताना, खाकी कव्हराचे एखादे पातळ पुस्तक हाती आले तर रद्दीवाल्याला देण्याआधी त्याचे पहिले पान पाहा. शीर्षक, साल, प्रकाशक आणि किंमत एवढे चार तपशील जरी वहीत उतरवून जवळच्या वाचनालयात दिले, तरी यादीतली एक ओळ भरेल.